दहाव्याला आलेला माणूस

सकाळचा अर्धा कप चहा पुरवून पुरवून संपवला आणि दशरथ पेंटर आरशासमोर बसले. पाणी, चहा, आमटी, सगळं मिळून दिवसाला किती प्यायचं याचं माप डॉक्टरांनी घालून दिलं होतं, त्यामुळे कपातल्या शेवटच्या घोटाला त्यांच्या लेखी फार मान होता.

आरसा म्हणजे दाढीचा नव्हे. निवडणूक जाहीर झाली की घरोघर येतो तो. शाळेच्या पाटीएवढा, काळ्या काचेचा, मागे सरकारी शिक्का. त्याचं कागदोपत्री नाव ‘हितदर्शक’. पण पिंपळसरीत कागदोपत्री नावाने कुणालाच हाक मारायची पद्धत नाही. खुद्द पेंटरांचं आडनाव डुंबरे आहे, हे पोस्टमन सोडला तर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

पेंटरांनी काचेवर अंगठा टेकवला. आरशाने दवाखान्याचे कागद, रेशन, नळाच्या वेळा, एसटीचं वेळापत्रक असं त्यांचं सगळं काही क्षणभर चाळलं. मग दोन्ही उमेदवारांनी शपथेवर दिलेली वचनपत्रं त्याला जोडली आणि येत्या पाच वर्षांत जिथवर खात्री देता येईल तिथवरचा त्यांचा एक दिवस काढून दाखवला. प्रत्येक उमेदवारासाठी एक दिवस. कुणाला मत द्या हे आरसा सांगत नाही, तशी त्याला कायद्याने बंदी आहे. तो फक्त दाखवतो.

पहिला दिवस निवेदिता औटींचा. काचेतले पेंटर थकलेले होते, पण चालत होते. गावातल्याच दवाखान्यात रक्त गाळून घेऊन दुपारी जेवायला घरी आले. संध्याकाळी ओट्यावर बसून कुणाच्यातरी दुकानाची पाटी रंगवत होते. दुसरा दिवस नाना गुंजाळांचा. गावातलं डायलिसिस केंद्र बंद. अंधारातच पेंटर गाडीची वाट बघत फाट्यावर उभे. ऐंशी किलोमीटरवर जिल्ह्याचं महारुग्णालय, तिथली रांग, परत येईपर्यंत दिवेलागण. आठवड्यातून तीनदा. हे चित्र तिसऱ्या वर्षाचं होतं. आरशाने चौथ्या वर्षाचं चित्र काढलंच नाही. काळ्या काचेवर फक्त एक ओळ आली: ‘यापुढचा दिवस दाखवण्याइतकी खात्री नाही.’

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीने, अश्लेषाने, ती ओळ वाचली नाही. तिला ती पाठ होती. पुण्याच्या ज्या संस्थेत हा आरसा तयार झाला, तिथे ती अकरा वर्षं कामाला होती. ‘मृत्यू’ हा शब्द न वापरता तो कसा सांगायचा यावर तीन बैठका झाल्या होत्या आणि शेवटी तिचंच वाक्य मंजूर झालं होतं. तेव्हा तिला त्याचा अभिमान वाटला होता.

“अक्षर चांगलं काढलंय,” पेंटर म्हणाले. “वेलांट्या सारख्या आल्यात.”

“तात्या, अक्षर राहू द्या. बघितलंत ना काय दाखवलं ते?”

“बघितलं की.”

“मग मत कुणाला?”

“नाना गुंजाळला,” पेंटर म्हणाले आणि आरसा खुंटीला अडकवून पायात चपला सरकवू लागले. डायलिसिसची वेळ झाली होती.

या उत्तराला संस्थेत ‘उलटा कौल’ म्हणत. स्वतःचं हित डोळ्यांनी पाहून झाल्यावर, ते बरोबर समजल्यावरही माणूस दुसरीकडे जातो तेव्हा तो उलटा कौल. लोकांना माहिती नसते म्हणून ते आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात, असं शहाणी माणसं वर्षानुवर्षं सांगत आली होती. म्हणून तर हा आरसा केला. माहिती दिली. चित्रं काढून दिली. तरी शंभरातले वीसजण उलटे जात होते. आणि मतदानाआधीच्या निनावी पाहणीत एका गावाने कमालच केली होती. शंभरात बेचाळीस. गावाचं नाव वाचून संस्थेचे प्रमुख प्रधान सर चष्म्यावरून म्हणाले होते, “अश्लेषा, पिंपळसरी म्हणजे तुमचंच ना? जाऊन या. कारण शोधा.”

ती आली होती कारण शोधायला. ते आपल्याच घरात, आपल्याच बापाच्या रूपाने अर्धा कप चहा पीत बसलेलं असेल अशी तिची कल्पना नव्हती. आणि आता तिला संस्थेच्या आकड्यांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. उद्या मतदान होतं. गुंजाळ आला तर केंद्र जाणार होतं, आणि केंद्र गेलं तर तात्या.

दवाखाना जवळच होता, पण पेंटरांच्या चालीने वीस मिनिटं लागली. वाटेत प्रत्येक भिंतीपाशी ते किंचित रेंगाळत. भिंती आता कोऱ्या होत्या. अश्लेषाच्या लहानपणी निवडणूक भिंतीवर यायची. महिनाभर आधीच कुणीतरी कार्यकर्ता गेरूने ‘राखीव’ असं लिहून जायचा आणि मग दुसऱ्या पक्षाचा माणूस येऊन त्या ‘राखीव’ वरून भांडायचा. भांडण मिटलं की दोघेही पेंटरांकडेच यायचे, कारण पंचक्रोशीत दुसरा पेंटरच नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी सगळ्यांच्या निशाण्या काढल्या. एकाच भिंतीच्या अलीकडे पतंग आणि पलीकडे शिलाई मशीन. आई चुन्यात नीळ कालवून द्यायची. एकदा कपबशी ही निशाणी आली. कपाचा कान काही केल्या जमेना, तेव्हा आई घरातली कपबशी हातात धरून भर रस्त्यात अर्धा तास उभी राहिली होती आणि येणारी-जाणारी माणसं विचारत होती, “काय वहिनी, चहा कुणाला?” मतदानाच्या आदल्या दिवशी पेंटरांना हमखास प्रश्न यायचा, तुमचं मत कुणाला? पेंटर म्हणायचे, ज्याचा रंग पावसात उडत नाही त्याला. सगळे हसायचे. अश्लेषा खोकाभर बिल्ले जमवायची, सगळ्या पक्षांचे, आणि फ्रॉकला एकदम लावायची. तेव्हाही कुणाचं भलं कुणाला कळत होतं असं नाही. पण त्या दिवसांची आठवण आली की तिला अजून ओल्या चुन्याचा वास यायचा.

केंद्रात चार खुर्च्या होत्या. पेंटरांनी उजवीकडची त्यांची नेहमीची धरली, डावा हात पसरला. सिस्टरनी कोपराखालच्या फुगलेल्या शिरेत दोन सुया घातल्या आणि यंत्र घुरघुरायला लागलं. आता चार तास हलायचं नाही. दुसऱ्या खुर्चीवर गेनूबाई होती, तिसऱ्यावर निवृत्त कंडक्टर भागवत हांडे. चौथी खुर्ची आज रिकामी होती.

अश्लेषाने स्टूल ओढलं आणि सरळ विषयालाच हात घातला. “हांडेकाका, तुम्ही आरसा बघितला?”

“बघितला. आमचं चित्र तर दुसऱ्याच वर्षी बंद पडलं,” हांडे म्हणाले. जणू एसटी घाटात बंद पडली असावी, इतक्या सवयीने.

“आणि मत?”

“गुंजाळ.”

“अहो, पण ते हे केंद्र बंद करणार आहेत! स्वतः सभेत बोललेत.”

“बोलला ना? तोंडावर बोलला. लपवलं नाही.”

“औटी मॅडमनी ही यंत्रं आणली. चार वर्षं मंत्रालयात खेटे घालून आणली. आणखी दोन आणणार आहेत.”

“बाई गुणाची आहे,” हांडेंनी लगेच कबूल केलं. “कामाला वाघीण आहे. त्याबद्दल वादच नाही.”

“मग?”

हांडे छताकडे बघू लागले. माणसाला उत्तर माहीत असतं पण ते समोरच्याला देण्यासारखं नसतं, तेव्हा तो असाच छताकडे बघतो. शेवटी गेनूबाईच बोलली. तिला छताचं काही नव्हतं.

“पोरी, तू दहाव्याला नव्हतीस. म्हनून तुला ठावं नाय.”

“कुणाच्या दहाव्याला?”

“आता कुनाच्या म्हंजे? तुझ्या आईच्या.”

सिस्टर उगाचच यंत्राचे आकडे बघायला वाकल्या. अश्लेषाचा चेहरा तापला. “मी होते,” ती म्हणाली. “मी छायेने होते.”

छायाभेट ही तेव्हा नवी होती, आता अंगवळणी पडली आहे. नदीच्या घाटावर तिकाटणं उभं करायचं, त्यावरच्या भिंगातून प्रकाश पडतो आणि हजारो मैलांवरचं माणूस तिथे उभं राहतं. बोलतं, हात जोडतं, पदर सावरतं. उन्हात किंचित आरपार दिसतं, एवढंच. मंदाकिनी डुंबरे दोन वर्षांपूर्वी अचानक गेल्या. अश्लेषा अंत्यविधीला पोचली होती, तीन दिवस राहिली होती. चौथ्या दिवशी तिला नैरोबीला जावं लागलं, आरशाची पहिली मोठी चाचणी तिथे होती. दहाव्याला येते, असं तात्यांना सांगून ती गेली. आणि दहाव्या दिवशी हॉटेलच्या खोलीत पांढरी साडी नेसून, भिंगासमोर वीस मिनिटं उभी राहिली. सगळं नीट झालं होतं. संध्याकाळी तिने फोनवर विचारलंही होतं, तात्या, झालं ना सगळं? ते म्हणाले होते, झालं.

“तात्या,” ती म्हणाली, “त्या दिवशी काय झालं?”

पेंटरांनी सुयांच्या हाताकडे पाहिलं. उठून जायची सोय नव्हती.

“पिंड शिवंना,” ते म्हणाले.

अश्लेषाला दहाव्याची रीत माहीत होती. भाताचा पिंड घाटावर ठेवायचा आणि कावळ्याने त्याला शिवायची वाट बघायची. कावळा लगेच शिवला तर माणूस तृप्त होऊन गेलं. नाही शिवला तर जीव कशाततरी अडकलाय. मग घरचं एकेक माणूस पुढे होऊन शब्द देतं, तुझं हे बघतो, ते करतो, जा आता सुखाने. या असल्या गोष्टींवर अश्लेषाचा विश्वास नव्हता. पण घाटावर उभं असताना विश्वास नसणं कुणाला जमतं?

“कावळे हुते, पलीकडं उंबरावर बसलेले. एक खाली उतरंना,” पेंटर सांगू लागले. “समदे म्हनाले, लेकीत जीव अडकलाय. मंग तू बोललीस. तात्यांना सांभाळीन म्हनालीस.”

“हो. आठवतंय मला.”

“कावळा आला बघ तेव्हा. पार पिंडापर्यंत आला. आन् तू विझलीस.”

“विझले म्हणजे?”

“तुमची वीस मिंटं सरली असतील,” हांडे हळूच म्हणाले. “भपकन् प्रकाश गेला. कावळा बिचकला आणि उडाला.”

नैरोबीच्या खोलीत त्या वेळी भिंगाच्या कडेला हिरवी पाटी आली होती, ‘भेट पूर्ण झाली’. अश्लेषाने पदर सोडून तोंड धुतलं होतं आणि ती चाचणीच्या खोलीत गेली होती.

“औटी मॅडमची बी छाया आलेली,” गेनूबाई म्हणाली. “लई ग्वाड बोलली. नाव-गाव समदं बरूबर. ती बी इझली. मंग काय, ऊन चढलं. मान्सं घड्याळ बघाया लागली. भटजी म्हनलं, दर्भाचा कावळा करू आन् उरकू. तुझा बाप काय बोलंना, नुसता त्या पिंडाकडं बघत बसला. आन् त्याच्या शेजारी नाना गुंजाळ. फरशीवर. दीड तास.”

“स्वतः?”

“सोता. टोपी काढून. फोन आला त्यो बी घेतला नाय. आन् शेवटाला उठला, पिंडाम्होरं गेला, हात जोडलं. म्हनला, मंदावहिनी, पेंटर एकटे नाहीत. आमी हाओत.”

“आणि कावळा शिवला,” हांडे म्हणाले. “मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सगळा घाट रडला, पोरी.”

यंत्र घुरघुरत राहिलं. पेंटरांनी डोळे मिटून घेतले होते. ते झोपले नव्हते, हे अश्लेषाला कळत होतं. तिने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं आणि त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. बापलेकीचं असंच चाललं होतं, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, बरं ठेवते.

ती उठून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. आधी रडली. मग, स्वभावाला औषध नाही म्हणतात तसं, तिने विचार करायला सुरुवात केली. गुंजाळ. चारशे गावांचा मतदारसंघ. रोज कुठे ना कुठे कुणाचा दहावा. हा माणूस नेमका याच घाटावर दीड तास कसा बसला?

ते शोधायला तिला फार वेळ लागला नाही. नव्या कायद्याने प्रत्येक उमेदवाराला आपल्या प्रचार-नियोजकाच्या सगळ्या सूचना मतदानाआधी खुल्या कराव्या लागत. नियोजक म्हणजे उमेदवाराने कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती वेळ थांबायचं हे ठरवणारी आज्ञावली. स्वतःच्या घराबद्दल काय लिहिलंय ते अंगठा दिला की कुणालाही वाचता येई. वाचत मात्र कुणी नसे. अश्लेषाने फोनवर अंगठा टेकवला.

‘मौजे पिंपळसरी. मयत मंदाकिनी दशरथ डुंबरे. पती आजारी. गावात वजन आहे, सगळ्या पक्षांत ओळख. एकुलत्या मुलीने सहाव्या दिवशी छायाभेट नोंदवली आहे, म्हणजे ती प्रत्यक्ष येणार नाही. पोकळी मोठी. उमेदवाराने स्वतः जावे, छाया पाठवू नये. पिंड शिवेपर्यंत उठू नये. एकच वाक्य बोलावे: ते एकटे नाहीत.’

तिने ते चारदा वाचलं. छायाभेट देणारी कंपनी आपल्या नोंदी विकते हे काही गुपित नव्हतं, सहीच्या वरच्या बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंच असतं. म्हणजे तिने ती नोंद केली आणि त्या नोंदीनेच गुंजाळला घाटावर आणून बसवलं. तिची रिकामी जागा आधी यंत्राला दिसली होती आणि यंत्राने ती भरायला माणूस पाठवला होता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी अश्लेषाला आनंद झाला. गुंजाळच्या दीड तासाचं पितळ उघडं पडलं होतं. आता तात्यांना हे दाखवायचं. एवढं वाचल्यावर कुठला शहाणा माणूस त्याला मत देईल?

दुपारी घरी आल्यावर पेंटर कॉटवर आडवे झाले. डायलिसिसनंतर त्यांच्या अंगात त्राण नसे. तिने थोडा वेळ जाऊ दिला, उशाशी बसून मऊ भात भरवला, मग फोन त्यांच्या हातात दिला. पेंटरांनी चष्मा लावला. आयुष्यभर अक्षरं काढलेला माणूस, वाचताना ओठ हलवत एकेक शब्द पारखून घ्यायचा. अश्लेषा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. रागाची वाट बघत राहिली.

“सहाव्या दिवशी?” पेंटर म्हणाले.

“तात्या, ते पुढचं वाचा. पिंड शिवेपर्यंत उठू नये, असं यंत्राने सांगितलं होतं त्यांना. ते वाक्यसुद्धा यंत्राचं आहे!”

“वाचलं. पन ह्ये सहाव्या दिवशी लिव्हलंय.” त्यांनी बोट ठेवून दाखवलं. “तू नवव्या दिवशी सांजच्याला फोन केलेलास. म्हनालीस, विमान चुकलं.”

अश्लेषाने त्यांच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली.

“मी तवर शेजारी सांगत हुतो, उद्या पोरगी येनार हाये. तुझ्यासाठी न्हानीत बंब पेटवून ठेवला हुता.” पेंटरांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “म्हंजे तुला ठावं हुतं, तू येनार नाय. गुंजाळला ठावं हुतं. त्या मशीनला बी ठावं हुतं. फकस्त मलाच नव्हतं.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. एवढंच तिला म्हणता आलं, आणि ते म्हणताना तिला आईची इतकी आठवण आली की तिने कॉटच्या लोखंडी दांडीला घट्ट धरलं.

पेंटरांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. “हे बघ अशू. मशीननं त्याला धाडला, बरं. कुनीतरी धाडल्याबिगर पुढारी कुठं जातोय? आधी कार्यकर्ते धाडायचे, आता मशीन धाडतं. पन बसला त्योच ना? उन्हात त्याचंच टक्कल भाजलं ना? मशीनचं तर भाजलं नाय. तुला बी सांगितलंच असंल की कुनीतरी, जा म्हनून.”

तिला सांगितलं होतं. फोनच्या दिनदर्शिकेत दहाव्या दिवसावर तिने स्वतःच तांबडी खूण केली होती.

“पण तात्या, तो तुमचा जीव घेतोय. केंद्र बंद झालं की—”

“आरशात बघितलंय मी. मला काय वाचता येत नाय का?” पेंटर किंचित हसले. “तुम्हाला वाटतं, आमाला कळत नाय. कळतंय समदं. औटीबाई भल्या हायेत, त्यांच्यामुळं मी जगतोय. पन तुझ्या आईला त्यानं शबूद दिलाय आन् तिनं त्यो घेतलाय. आता म्या त्याच्या उलट बटन दाबलं, तर तिला काय सांगू? तुझं जानं मी परत फिरवलं म्हनून?”

यावर आरशात कुठला तक्ता लावायचा? अश्लेषा ओट्यावर गेली आणि सवयीने तिने प्रधान सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर सरांचा आवाज उजळला. “उत्तम! म्हणजे आपल्या मापात एक घटक राहून गेला होता. सोबत. आपण माणसाला त्याचा दिवस एकट्याचा दाखवतो. त्यात शेजारी कोण बसलंय हे नाही. ते घालू या. वजन किती द्यायचं, तेवढं काढा तुम्ही.”

“सर,” अश्लेषा म्हणाली, “ते काढलेलं आहे. गुंजाळांच्या नियोजकाकडे आहे ते. दीड तास.”

सर हसले. तिने फोन ठेवला. समोरच्या भिंतीवर चुन्याच्या पापुद्र्याखाली कुठल्यातरी जुन्या निवडणुकीतला निळा पतंग अंधूक दिसत होता. शेपटीकडचा भाग आईने भरला होता. शेपटीला गाठी किती, यावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि शेवटी आईच्या म्हणण्याप्रमाणे सात गाठी झाल्या होत्या. तेव्हा सगळे एकाच ओट्यावर होते. ती, तात्या, आई, रंग वाळायची वाट बघत. ते दिवस चांगले होते असं तिला आता वाटत होतं. खरंच होते का, हे तपासायची तिला इच्छा नव्हती.

मतदान शाळेत होतं. सकाळीच दोघं निघाले. पेंटरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. रांग मोठी होती, पण त्यांना पाहून लोक बाजूला होत होते आणि पेंटर कुणाचीच जागा घ्यायला तयार नव्हते. गुंजाळांचे कार्यकर्ते फाटकाबाहेर उभे होते, त्यांनी लांबून नमस्कार केला. औटींच्या टेबलावर कुणी नव्हतं, त्यांची छाया मात्र हसतमुखाने चिठ्ठ्यांची माहिती सांगत होती.

रात्रभर अश्लेषाने एक गोष्ट ठरवली होती. पुन्हा पुन्हा उलटसुलट करून ठरवली होती. ती बोलायला तिला रांगेतली जागाच सापडली.

“तात्या, मी पुणं सोडतेय. इथूनच काम करीन, नाहीतर दुसरं बघीन. आता तुमच्याजवळ राहणार आहे.”

पेंटरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि ते पाहून तिला इतका धीर आला की ती भरभर बोलत सुटली. “एकटे नाही तुम्ही. आईला जो शब्द त्यांनी दिला, तो खरा मी द्यायचा होता. तो आता मी पुरा करते. म्हणजे तुमच्यावर त्यांचं काही ओझं राहणार नाही. तुम्ही मोकळे झालात. तुम्हाला हवं त्याला—”

ती थांबली. स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं होतं. दशरथ डुंबरे, पती आजारी, पोकळी मोठी. स्वतः जावे. एकच वाक्य बोलावे.

रांग एक पाऊल पुढे सरकली. आतून अधिकाऱ्याने नाव पुकारलं, डुंबरे दशरथ सखाराम, आणि आडनाव ऐकून मागच्या दोघातिघांनी आश्चर्याने इकडेतिकडे पाहिलं. पेंटर उंबऱ्याशी पोचले होते. तिथे त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, शाई लावायला पुढे करायचा तोच हात, आणि तिच्या कानाशी येऊन फक्त तिलाच ऐकू जाईल असं विचारलं:

“अशू, मी मत गुंजाळलाच दिलं, तरी ऱ्हाशील का?”